मुकादमाच्या अंगावरचा लाल स्वेटर

"आमच्या आत्याबाईला कशा हाव म्हणून इचारू नका," मनिषा ट्रकवरून ओरडून म्हणाली. "इचारलं की बरी हाय म्हणतेत. तुमी निस्तं त्यांच्या अंगावर काय हाय ते बगा."

"हो हो," मी म्हणाले आणि कडेवरच्या राजनंदिनीची टोपी सरळ केली.

दिवाळी नुकतीच झाली होती. उकडत होतं. टोपीचीसुद्धा गरज नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या अंगावर बघण्यासारखं काय असणार, लुगडं असणार, असं मनाशी म्हणत मी घरात आले. हे आधीच सांगून टाकते. शेवटी सांगितलं तर सारवासारव केल्यासारखं वाटेल.

आमचं घर रस्त्याच्या अलीकडं आणि वस्ती पलीकडं. वस्तीत अकरा घरं. दिवाळी झाली की दहा घरांना कुलूप लागतं आणि सगळे ऊसतोडीला जातात, ते पाडव्याच्या आसपास परत येतात. तिकडं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. मनिषा आणि तिचा नवरा हनुमान मिळून एक कोयता. हनुमानची आई बायनाबाई, म्हणजे मनिषाच्या आत्याबाई, कोयत्यात बसत नाही, म्हणून ती मागं राहते. त्यांचा पाखऱ्या बैल पुढच्या पायानं लंगडतो, तो गाडीला चालत नाही, म्हणून तोही मागं राहतो. वस्तीवरचा एक पिवळा कुत्रा कुणाचाच नाही, तोपण राहतो. त्याला सगळे मुकादम म्हणतात. तो सगळ्यांच्या आधी जेवतो, सगळ्यांवर भुंकतो आणि काम करताना त्याला कुणी पाहिलेलं नाही.

निघायच्या दिवशी दहा घरची माणसं बायनाबाईकडं येऊन गेली. आमच्या कोंबड्या बघा. आमची पांढरी कुत्री गाभण हाय, तिला कडब्यात जागा करा. बायनाबाई सगळ्यांना "जावा, बिनघोर जावा" म्हणत होती. जनावरं कुणाच्या हवाली करायची याची चर्चा तासभर चालली. बायनाबाई कुणाच्या हवाली, हे फक्त मनिषानं सांगितलं आणि ते मला सांगितलं.

मी बी.एस्सी. आहे, विषय प्राणीशास्त्र. लग्नानंतर या पदवीचा उपयोग घूस आणि उंदीर यांतला फरक सासूबाईंना पटवून देण्यापुरता झाला. राजनंदिनी दहा महिन्यांची आहे आणि हा तिचा पहिलाच हिवाळा. त्यामुळे थंडीबद्दल फोनवर जेवढं वाचता येईल तेवढं मी वाचलं होतं. माणूस गारठला की आधी थरथरतो. थरथर थांबली म्हणजे त्याला बरं वाटायला लागलं असं नाही, उलट तेव्हा खरी घाई करायची. हे सगळं मला पाठ होतं. माझे यजमान अभिमन्यू केजला शाळेवर आहेत. ते म्हणायचे, "पोरगी थंडीनं आजारी पडणार नाही, तुझ्या प्रश्नांनी पडेल."

रोज सकाळी साडेसातला मी राजनंदिनीला कोवळं ऊन द्यायला गच्चीवर जायची. तिथून बायनाबाईचं पत्र्याचं घर आणि समोरचा गोठा सगळा दिसतो. मी लक्ष ठेवत होते. पाखऱ्या उभा आहे का, मुकादम हलतोय का, धूर निघतोय का. धूर निघत असायचा. म्हणजे चूल पेटली, म्हणजे म्हातारी उठली, म्हणजे सगळं ठीक. चूल घरात असते आणि धूर गोठ्यातून निघतोय, हे माझ्या बी.एस्सी. डोक्यात आलं नाही. ती जनावरांपुढं कापसाच्या वाळक्या पळाट्या जाळत होती.

"आजी, कशा आहात?" मी गच्चीवरून विचारायची. नेमकं तेच, जे विचारू नका म्हणून सांगितलं होतं.

"बरी हाय," ती खालून म्हणायची. "लेकराच्या कानाला बांद. वारं लई हाय."

दोन्ही हात पदराखाली घट्ट घेऊन ती उभी राहायची. मला ते जरा तोऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटायचं.

डिसेंबर लागला आणि गारठा वाढला. फोनवर अकरा अंश, मग नऊ, मग आठ. अंगणातल्या बादलीत हात घालवेना. एका सकाळी पाखऱ्या मान खाली घालून उभा होता. मी गच्चीवरून ओरडले, "आजी, पाखऱ्याच्या पाठीवर काहीतरी टाका! म्हाताऱ्या जनावराला गारठा बाधतो!"

"टाकते बाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाखऱ्याच्या पाठीवर वाकळ होती. हिरव्या आणि जांभळ्या लुगड्यांची, हातानं शिवलेली, सुतळीनं पोटाखाली बांधलेली. मला भरून आलं. मी फोटो काढला आणि गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "मुक्या जिवाला मायेची ऊब." एकतीस बदाम आले. छबुबाईंनी हात जोडलेली चार चित्रं पाठवली आणि लिहिलं, "धन्य ती माउली." ती माउली रात्री काय पांघरते, असं एकतीस जणींतल्या एकीनंही विचारलं नाही. बत्तिसावी मी.

मग पांढरी कुत्री व्याली. चार पिल्लं. मी पुन्हा गच्चीवरून सांगितलं की पिल्लांच्या खाली ओल राहू देऊ नका, काहीतरी जाड घाला. दुपारी पिल्लं काळ्या घोंगडीवर झोपली होती. त्याचाही फोटो काढला. त्याला चाळीस आले. पिल्लांना बैलापेक्षा जास्त बदाम मिळतात.

एवढं झाल्यावर मला वाटलं, आपणही काहीतरी द्यावं. अभिमन्यूंचा जुना लाल स्वेटर होता, कोपरात विरलेला. तो घेऊन मी रस्ता ओलांडून गेले आणि बायनाबाईच्या हातात दिला. तिनं तो उलटा-सुलटा करून बघितला, नाकाला लावला, म्हणाली, "उबदार हाय गं." घरात ये म्हणाली. राजनंदिनीला वारं लागेल म्हणून मी अंगणातूनच परतले.

दुसऱ्या दिवशी तो स्वेटर मुकादमाच्या अंगावर होता. पुढचे दोन पाय बाह्यांत, बाह्या दुमडलेल्या, गळ्याशी गाठ. तो त्या स्वेटरात रस्त्याच्या मधोमध बसला होता आणि शाळेची जीप त्याला वळसा घालून गेली.

मला काळजी वाटायला पाहिजे होती. मला राग आला. म्हातारीला आवडला नसेल, म्हटलं. रंग भडक होता, मान्य आहे. पण म्हणून कुत्र्याला?

सासूबाईंना, म्हणजे रुक्मिणीबाईंना, मी हे सांगितलं. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "दिला तो दिला. आता तो कुत्र्यानं घालावा का म्हशीनं, तुला काय करायचंय?"

"पण आई, माणसासाठी दिला होता."

"मंग माणसाला इचार की."

मी विचारलं नाही. चार दिवस गच्चीवरून आवाजही दिला नाही. फक्त बघायची. बैल उभा, कुत्रा स्वेटरात, धूर निघतोय.

पाचव्या दिवशी तापमान सात झालं आणि माझा राग गारठला. ट्रंकेत एक नवी करकरीत शाल होती, मरून रंगाची, कुणी कधी वापरलेली दिसली नव्हती. ती घेऊन मी गेले आणि बायनाबाईला बजावून सांगितलं, "आजी, ही तुमच्यासाठी. मुकादमासाठी नाही. पाखऱ्यासाठी नाही."

"न्हाई देत बाई त्यांला," ती म्हणाली.

तिनं शब्द पाळला. कुत्र्याला दिली नाही, बैलालाही दिली नाही. तिसऱ्या दिवशी तिला हरभऱ्याच्या रानाच्या तारेत अडकलेली लांडोर सापडली. एक पंख लोंबत होता. मी फोन करून वनखात्याला कळवलं. तिकडचा माणूस म्हणाला, टोपलीत ठेवा, अंधार करा, जाड कापडानं झाका, परवा सकाळी गाडी येईल. मी गच्चीवर गेले आणि हे जसंच्या तसं ओरडून सांगितलं. "जाड कापडानं, आजी! जाड!"

"झाकते बाई."

परवा म्हणजे येळवस होती, वेळा अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. ज्वारीच्या रानात कडब्याची कोप करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून लक्ष्मी पुजतात, कोपीवर शाल पांघरतात आणि मग येईल त्याला भज्जी, उंडे आणि आंबील वाढतात. सकाळपासून घरात धांदल. त्या दिवशी मी गच्चीवर गेले नाही.

सगळं गाडीत भरून झालं आणि सासूबाईंनी ट्रंक उघडली.

"शाल कुठंय?"

"कुठली?"

"कोपीची. मरून."

मी राजनंदिनीचा मोजा वर ओढला. "बायनाआजींना दिली."

सासूबाईंनी ट्रंकेचं झाकण लावलं.

"वर्षातून एकदा निघती ती शाल," त्या म्हणाल्या. "तुज्या सासऱ्यांनी आणलेली. तुला साऱ्या ट्रंकेत तीच गावली का?"

"मला काय माहीत ती कोपीची आहे म्हणून."

"मंग ट्रंकेत काय माज्या लग्नाचं बाशिंग ठेवलंय? जा. आजच्या दिस मागून आण. म्हणावं, सांजच्याला परत आणून देती. लेकरू दे इकडं, आमी हुतो पुढं."

राजनंदिनीला दहा महिन्यांत पहिल्यांदाच मी माझ्याशिवाय गाडीत बसवून दिलं. कान, छाती, पाय यांबद्दल सहा सूचना दिल्या. अभिमन्यूंनी चौथ्या सूचनेला गाडी हाकली.

रस्ता ओलांडला. वस्तीत दहा कुलपं. धूर नव्हता. मुकादम दारात बसला होता आणि माझ्यावर भुंकला नाही. तो पोस्टमनवर भुंकतो, सरपंचावर भुंकतो, स्वतःच्या सावलीवर भुंकतो.

"आजी?"

गोठ्यात टोपली होती आणि टोपलीवर शाल होती. मी शाल उचलली. खालून लांडोरीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी टोपलीवर रिकामं घमेलं पालथं घातलं, शाल झटकली, घडी घातली आणि काखेत धरली. आधी शाल घेतली, मग म्हातारीला शोधलं. हेही सांगायला पाहिजे.

दार लोटलेलं होतं. सांगून जावं म्हणून मी आत डोकावले. या घरात मी पहिल्यांदाच पाय ठेवत होते. पत्रा रात्रीचा गारठा धरून होता. बाहेरच्यापेक्षा आत जास्त गार होतं. चुलीत राखसुद्धा ताजी नव्हती. बायनाबाई पोत्यावर कुशीवर पडली होती, गुडघे पोटाशी घेऊन. अंगावर लुगडं. त्याच्यावर आणखी एक लुगडं, चौपदरी घडी करून. बस.

"आजी, कशा आहात?" मी विचारलं. सवय.

"बरी... हाय," ती म्हणाली. शब्दांच्या मधे एवढी जागा होती की दुसरं कुणी येऊन बसलं असतं. मग म्हणाली, "लेकरू... कुटंय?"

तिचा हात धरला. बादलीतल्या पाण्यासारखा. आणि तो थरथरत नव्हता. अजिबात.

मग मी खोलीत बघितलं. वाकळ नाही, घोंगडी नाही, स्वेटर नाही. वाकळ बैलावर होती, घोंगडी पिल्लांखाली, स्वेटर कुत्र्यावर आणि शाल माझ्या काखेत. या घरात पांघरायच्या चार वस्तू होत्या. स्वेटर तिनं आपल्या मनानं दिला होता. बाकीच्या तीन मी गच्चीवरून ओरडून बाहेर काढल्या होत्या. त्यांतल्या दोन वस्तूंचे तर फोटो होते माझ्याकडं.

शाल तिच्याभोवती गुंडाळली. बाहेर पळाले, पाखऱ्याच्या पोटाखालची सुतळी सोडली आणि वाकळ ओढली. तो बाजूला सरकला, हरकत घेतली नाही. मुकादमानं मात्र स्वेटर काढताना दात दाखवले. मीही दाखवले असावेत, कारण तो गप्प बसला. वाकळीला शेणाचा वास होता, पण ती बैलाच्या अंगानं गरम झालेली होती. तिच्यात म्हातारीला घातलं आणि मीही आत शिरून तिला पाठीकडून धरलं, राजनंदिनीला धरते तशी. एका हातानं अभिमन्यूंना फोन लावला. वाजत राहिला. रानात फोन कोण बघतंय. दवाखान्याच्या गाडीला लावायला नंबर दाबते आहे, तोवर बाहेर गाडीचं इंजिन बंद झालं आणि कुणीतरी हाक मारली.

"लांडोर हितंच हाय का?"

वनखात्याचे गहिनीनाथ होते. गावात माणूस दिसेना म्हणून तीन दारं ठोठावून आले होते.

"लांडोर गोठ्यात आहे," मी वाकळीतून म्हणाले. "आधी आत या."

ते आत आले. बायनाबाईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"काय झालं ह्यांला?"

"गारठल्यात. केजला न्यायचंय. आत्ता."

गहिनीनाथांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "बाई, म्हतारी आमच्या खात्यात बसत न्हाई," ते म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी तिला वाकळीसकट उचललं. "पण गाडीत बसती. चला. ती टोपली घ्या तुमी."

वाटेत आमचं रान लागतं. गाडी उभी करून मी हाका मारल्या. सासूबाई राजनंदिनीला घेऊन बांधावर आल्या. राजनंदिनी उंडा चोखत होती. टोपी नव्हती.

सासूबाईंनी गाडीत बघितलं. मरून शाल बघितली, तिच्यातलं बायनाबाईचं तोंड बघितलं.

"आई, शाल..." मी म्हणाले.

"गप बस." त्यांनी आपल्या खांद्यावरची शाल काढली आणि म्हातारीच्या पायाला गुंडाळली. "लक्ष्मी थांबती. तिला थंडी वाजत न्हाई. जावा तुमी."

यंदा आमच्या कोपीला शाल नव्हती. ज्वारी यायची तशी येते आहे.

केजच्या दवाखान्यात बायनाबाई पाच दिवस होती. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर आणण्यात अर्थ नव्हता. गहिनीनाथांनी त्याच दिवशी आपला कागद लिहिला. जखमी लांडोर, मादी, एक. साक्षीदार म्हणून मी सही केली. म्हातारीचा त्यात उल्लेख नाही.

तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि विचारायला लागली. पाखऱ्यानं वैरण खाल्ली का. पिल्लं किती हायेत, चारच ना. मुकादमाला कुणी टाकलं का. मी सगळ्याची उत्तरं दिली आणि मग विचारलं, "आजी, का असं केलं? सगळं काढून दिलं ते?"

"तूच म्हनलीस की, गारठा बाधतो म्हनून."

"जनावराला म्हणाले. तुम्ही स्वतः काय पांघरणार, ते नको का बघायला?"

तिला माझा प्रश्न कळला नाही असं वाटलं. म्हणाली, "पाडव्याला सारे येतेत. ज्याचं त्याला जनावर परत द्यावं लागतंय. एक कमी निगालं तर काय सांगू? मला कुटं कुणाच्या हाती द्यायचंय?"

संध्याकाळी मनिषाचा फोन आला. मागं उसाच्या पाचटाचा आवाज येत होता.

"बगितलं का, आत्याबाईच्या अंगावर काय हाय ते?"

"आता बघितलं," मी म्हणाले.

ती म्हणाली, "मी तवाच म्हनले हुते, स्वप्नालीताई."

आमच्या घरी राहा म्हटलं तर बायनाबाई राहायला तयार नाही. जनावरं कुणाच्या जिवावर सोडू, म्हणते. म्हणून मी बारदाना आणून झुली शिवल्या. पाखऱ्याला मोठी, मुकादमाला छोटी, पिल्लांखाली दोन पोती. शिवण वाकडी आहे, पण जनावरांची तक्रार नाही. वाकळ, घोंगडी, स्वेटर आणि शाल, सगळं पुन्हा घरात गेलं. कोपीची शाल सासूबाईंनी परत मागितली नाही. मी रोज सकाळी रस्ता ओलांडून आत जाऊन बघायला लागले. गच्चीवरून काही दिसत नाही.

आता अडचण अशी आहे, की धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या तयारीसाठी मला धर्मापुरीला माहेरी यावं लागलंय आणि संक्रांतीपर्यंत मी इथंच आहे. आज सकाळी फोनवर तिकडचं तापमान पुन्हा आठ दाखवतंय. अभिमन्यू शाळेत असतात. सासूबाई रोज जाऊन येतात, पण मी विचारलं तर म्हणतात, "इचारलं, बरी हाय म्हणाल्या." म्हणजे त्या विचारतातच.

तेव्हा तुम्ही या आठवड्यात केजच्या बाजूला निघालात, तर फाट्यावर उतरा आणि कुलपं लावलेली वस्ती कुठली ते कुणालाही विचारा. एकच घर उघडं असेल. कशा हाव, असं विचारू नका. बाहेर एक पिवळा कुत्रा भुंकेल, चावत नाही. त्याच्या अंगावर बारदाना असेल, तर पाणी पिऊन पुढं जा. लाल स्वेटर असेल, तर आधी आत जा.